विश्लेषण : रिकाम्या खुर्च्यांचे नाटक पॅरिसहून मराठीत कसे आले?

रंगमंचावर माणसे दोनच, पण खुर्च्या डझनांनी. युजीन आयनेस्को यांचे 'द चेअर्स' हे मूळ फ्रेंच नाटक 22 एप्रिल 1952 रोजी पॅरिसच्या लांक्री थिएटरमध्ये प्रथम सादर झाले. मराठीत ते 'खुर्च्या' या नावाने आले.

नाटकात घडते काय?

चारी बाजूंनी पाणी असलेल्या घरात 95 वर्षांचा म्हातारा आणि 94 वर्षांची म्हातारी राहतात. म्हाताऱ्याला मरण्याआधी जगाला काही सांगायचे आहे. त्यासाठी पाहुणे बोलावले आहेत. दारे वाजत राहतात, पाहुणे येतात, पण ते दिसत मात्र नाहीत. म्हातारी धावत प्रत्येकासाठी खुर्ची आणते. अखेर खुद्द सम्राट येतात, तेही अदृश्य! आता आपला संदेश वक्ता सांगेल, या भरवशावर दोघे खिडकीतून पाण्यात उडी घेतात. वक्ता खराखुरा दिसतो, पण तो मूकबधिर निघतो.

आयनेस्को यांनी याला 'शोकात्म फार्स' म्हटले. नाटकाचा विषय म्हाताऱ्याचा संदेश नसून त्या खुर्च्या, म्हणजे माणसांचे तिथे नसणे हाच आहे, असे त्यांनी दिग्दर्शक सिल्व्हें धोम यांना पत्राने कळवले होते.

प्रेक्षकांनी ते कसे स्वीकारले?

सुरुवातीला जवळजवळ नाकारलेच. प्रेक्षागृहातही रिकाम्या खुर्च्याच जास्त, असा तो योग होता. 1954 मध्ये गालिमार प्रकाशनाच्या नाट्यसंग्रहात संहिता छापून आली. 1956 मध्ये जाक मोक्लेर यांनी नाटक पुन्हा उभे केले, तेव्हा नामवंत नाटककार जाँ आनुई यांनी 'ल फिगारो'त त्याची भरभरून स्तुती केली. पुढच्याच वर्षी ते लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये पोहोचले. तिथे 1958 मध्ये समीक्षक केनेथ टायनन आणि आयनेस्को यांच्यात 'ऑब्झर्व्हर'मधून जाहीर वाद झाला. वास्तवाकडे पाठ फिरवणारे नाटक रंगभूमीला कुठे नेणार, हा टायनन यांचा सवाल होता. नाटककार म्हणजे कुणाचा प्रचारक नव्हे, हे आयनेस्को यांचे उत्तर. 'यातून संदेश काय?' हा प्रश्न आपल्याकडच्या स्पर्धांतही ऐकू येतो, तेव्हा हा वाद जुना म्हणून सोडून देता येत नाही.

मराठीत कोणी आणले?

विजया मेहता यांनी, 'रंगायन'मधून. 1960 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे ही मंडळी होती. धंदेवाईक रंगभूमीच्या तिकीटबारीशी बांधून न घेता सभासदांसाठी प्रयोग करायचे, ही तिची रीत. असे नाटक तिथेच तगू शकले असते. तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' 1967 मध्ये याच संस्थेतून आले.

भाषांतरात काय बदलते?

बरेच काही, आणि मराठीला इथे फायदाच आहे. फ्रेंचमध्ये मराठीप्रमाणेच 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात विरतात. मराठीत तर 'आपण'ही आहे, शिवाय क्रियापद लिंग सांगते. 'आल्या का?' एवढे म्हटले की आत आलेली अदृश्य व्यक्ती बाई आहे आणि मानाची आहे, हे प्रेक्षकाला कळते. नटाचे निम्मे काम व्याकरणच करते.

डहाणू-तलासरीत करता येईल का?

खर्चाच्या दृष्टीने सहज. नेपथ्य म्हणजे दारे, खिडक्या आणि मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेल्या खुर्च्या. नरपडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात चोहीकडचे पाणी समजावूनही सांगावे लागणार नाही. मेहनत नटांची : एकाच वेळी अनेक अदृश्य माणसांकडे योग्य उंचीवर पाहायचे, त्यांना वाट द्यायची, आणि बसलेल्याच्या अंगावरून चालत जायचे नाही.

परवानगी मात्र हवी. आयनेस्को 1994 मध्ये निवर्तले. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे मूळ नाटकाचे हक्क 2054 अखेरपर्यंत कायम आहेत. भाषांतरकाराचा हक्क वेगळा, त्याची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी लागते.