बंद पडलेलें होडीचें इंजिन

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशीं पोफळी येथें कोयनेचें पाणी १९६२ पासून वीज निर्माण करीत आलें आहे. तेथून तें कोळकेवाडीच्या धरणांत येतें, पुढें वाशिष्ठीस मिळतें आणि चिपळूण, गोवळकोट मागें टाकून दाभोळच्या खाडीनें समुद्रास जातें. पोफळीच्या डोंगरांत पाण्यानें यंत्र फिरतें. खाडीच्या मुखाशीं मात्र तेंच पाणी यंत्राचा वैरी ठरतें.

महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. एका पावसाळ्याच्या विश्रांतीनें इंजिन सहसा बिघडत नाहीं. पण दोन-तीन वर्षें बेवारशी पडलेल्या नौकेची गोष्ट निराळी. नारळी पौर्णिमा जवळ आलेली, हंगाम बुडण्याची धास्ती, आणि इंजिन तर हलत नाहीं! अशा वेळीं घाईनें त्यावर जबरदस्ती होते, व नुकसान होतें तें येथेंच.

रुडॉल्फ डीझेल याचें पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं जर्मनींत ऑग्सबर्ग येथें चाललें. त्यांत ठिणगी नाहीं. हवा मूळच्या सोळाव्या-अठराव्या हिश्श्याइतकी दाबली कीं ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते, आणि तींत फवारलेलें तेल आपोआप पेटतें. हवा दाबली जाते. पाणी दाबलें जात नाहीं म्हटलें तरी चालेल. धुराच्या नळींतून सिलिंडरांत पाणी उतरलें असतां बॅटरीच्या जोरानें इंजिन फिरविलें, तर पिस्टन त्या पाण्यावर आदळून त्याचा दांडा वाकतो. मग मिस्त्रीचा इलाज नव्या भागांवांचून चालत नाहीं.

म्हणून प्रथम वंगणाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसलें तर आंत पाणी गेलें आहे असें समजावें आणि तें सर्व काढून नवें घालावें. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें पातळ तेल सोडावें, दोन रात्री तसेंच राहूं द्यावें, आणि मग चक्र हातानें पुढें-मागें हळूहळू हलवावें. दोन फेरे पूर्ण व मोकळे झाले, आंतलें पाणी बाहेर उडालें, कीं अर्धें काम झालें. गंजानें घट्ट धरलेला पिस्टन मात्र घणानें सुटत नाहीं. त्यास धीरच लागतो.

दुसरी पाळी इंधनाची. डीझेल पाण्याहून हलकें. त्यामुळें टांकीच्या तळाशीं पाणी सांचतें व दोहोंच्या सीमेवर सूक्ष्म जंतूंचा काळा चिकट गाळ वाढतो. टांकी तळापासून धुवावी, गाळण्या नव्या घालाव्या. नंतर नळ्यांतील हवा काढावी. ती राहिली तर पंपाचा जोर इंजेक्टर उघडण्याऐवजीं बुडबुडा दाबण्यांतच खर्च होतो, आणि चांगलें इंजिनहि मुकें राहतें. थंडाव्याच्या पंपांतील रबरी चाक वाळून कडक झालेलें असतें. तें बदलणें स्वस्तांत पडतें.

इंजिन सुरू होतांच वंगणाचा दाब आणि बाहेर पडणारें पाणी, हीं दोन पाहावीं. एकहि नसेल तर तत्काळ बंद करावें. प्रारंभींचा पांढरा धूर थोड्या वेळानें विरतो. निळा धूर म्हणजे वंगण जळत आहे. काळा म्हणजे इंधन जास्त वा हवा अपुरी. अर्धा तास चालवून, नौका बंदरांतच बांधलेली असतांना, तेल पुन्हां एकदां बदलावें. कोनाकोपऱ्यांत उरलेलें पाणी त्या पहिल्या तेलांत उतरलेलें असतें.