उचलीची तारीख

वर्गाच्या फरशीवर सुतळी ताणलेली होती. एका टोकाला चिठ्ठी, ‘पावसाचा खंड’. दुसऱ्या टोकाला, ‘घराला कुलूप’. मधलं सगळं मुलांनी भरायचं.

बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत गावोगावच्या युवा कार्यकर्त्यांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. हवामान बदल, संघर्ष आणि स्थलांतर यांचा संबंध शिकायचा होता. मी मागे बसून पाहत होतो. अठरा जणांपैकी निम्म्यांचं लहानपण उसाच्या फडावर, कोपीत गेलेलं.

“पाऊस नाही म्हणून माणसं ऊसतोडीला जातात. मधे काय लिहायचं?” एकानं विचारलं.

“बागायतदाराच्या रानातही पाऊस नव्हता ना?” शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या. “मग त्याच्या घराला कुलूप का नाही?”

वर्ग गप्प झाला. मग चिठ्ठ्या पडू लागल्या : दुबार पेरणी, आटलेला बोअर, उधारीचं बियाणं, लग्नाचं कर्ज, मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीच्या मजुरीपोटी त्याच्याकडून आगाऊ घेतलेले पैसे.

ताईंनी विज्ञान थोडक्यात सांगितलं. हवा एक अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा धो-धो कोसळतो, आणि दोन पावसांतली ओढही वाढू शकते. पण ढगापासून कुलपापर्यंतच्या वाटेवर माणसांनी घेतलेले निर्णय असतात, हे त्या पुनःपुन्हा सांगत होत्या.

संघर्षाची चिठ्ठी कुठे ठेवायची, यावर वाद झाला. लातूरची आठवण निघाली. मार्च २०१६मध्ये तिथे पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. समन्यायी पाणीवाटपाची तरतूद असलेला कायदा २००५चा. तरी नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की ताणाताणी होतेच. एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडं टँकर आला की आधी कुणाची घागर, यावरून भावकी तुटली.” तिनं चिठ्ठी ‘आटलेला बोअर’च्या शेजारी ठेवली. एका मुलानं दुसरी चिठ्ठी उचलीपाशी ठेवली : उचल फिटली नाही की मुकादम आणि कोयता यांच्यात भांडण पेटतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणसांना हत्याराचंच नाव.

तेवढ्यात मागची एक मुलगी उठली. तिनं ‘उचल’ची चिठ्ठी उचलली आणि ‘पावसाचा खंड’च्याही अलीकडे नेऊन ठेवली. “आईनं उचल जूनमध्येच घेतली होती. पेरणीसाठी. पाऊस नंतर गेला.”

सगळे त्या चिठ्ठीकडे पाहत राहिले. पाऊस बरा झाला असता तरी हे घर दसऱ्यानंतर निघणारच होतं. खंडानं फक्त परतफेडीची आशा नेली. मदत दुष्काळ जाहीर झाल्यावर येते, आणि या घराचा निर्णय मृगातच झालेला. वर्षानुवर्षं या विषयावर लिहूनही मी तारखा अशा लावून पाहिल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक चिठ्ठीखाली कामं लिहिली गेली : पेरणीआधी बचत गटाचं कर्ज, उचलीचा लेखी हिशोब, टँकरच्या पाळ्यांची वही, रोजगार हमीच्या मागणीची तारखेसह पोच, मुलांसाठी हंगामी वसतिगृह. पाऊस त्यांच्या हातात नव्हता; ही यादी होती.

दुपारी मुलं वस्तीवर गेली. वहीतला पहिला प्रश्न आदल्या रात्री बदलला होता. ‘तुम्ही गाव का सोडता?’ खोडून लिहिलं होतं : ‘यंदा उचल कधी घेतली?’