मॅरेथॉनला सहा तास लागणार असतील, तर तयारी वेगळी का करावी लागते?

मॅरेथॉन म्हटलं की सव्वादोन तासांच्या आत रेस संपवणारे केनिया-इथिओपियाचे धावपटू आठवतात. पण जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी उरणमध्ये पहाटे शूज बांधणाऱ्या एखाद्या नोकरदाराचं गणित वेगळं असतं. एका किलोमीटरला ९ मिनिटं लागत असतील, तर ४२.१९५ किलोमीटरला साधारण ६ तास २० मिनिटं लागतात.

इथेच पहिली चूक होते. बऱ्याच तयार प्लॅनमध्ये रविवारी ३२ किलोमीटर पळा असं लिहिलेलं असतं. ५ मिनिटांच्या वेगाने ते २ तास ४० मिनिटांत संपतं. ९ मिनिटांच्या वेगाने ४ तास ४८ मिनिटं! पहाटे पाचला निघालात तर घरी यायला पावणेदहा. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम नीट सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. त्यात ऑक्टोबरचं ऊन. म्हणून अनेक कोच स्लो रनरला अंतर नाही, वेळ मोजायला सांगतात. लाँग रन तीन-साडेतीन तासांचा, बस्स.

आता पळायचं कुठे? बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कंटेनरचे ट्रेलर, त्यामुळे अंधारात तिकडे नकोच. अटल सेतू समोर दिसतो, पण त्यावर पायी जायला बंदी. पिरवाडीचा किनारा छान आहे, फक्त उतरत्या वाळूवर एकाच दिशेने पळत राहिलात तर घोटा आणि गुडघा कुरकुरतात. आठवड्यातून एकदा चढावर सराव करावा, कारण मुंबईत शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ वाट बघत असतो.

मध्येमध्ये चालण्यात कमीपणा नाही. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनीच ही पद्धत लोकप्रिय केली. उदाहरणार्थ, चार मिनिटं पळा, एक मिनिट चाला. पण हे दमल्यावर नाही, पहिल्या किलोमीटरपासून.

खरा धोका मात्र पाण्याचा आहे, आणि तोही जास्त पिण्याचा. हळू पळणाऱ्याला प्रत्येक टेबलवर थांबायला भरपूर वेळ मिळतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ रनर्सचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम कमी निघालं. चार तासांपेक्षा जास्त वेळ घेणारे आणि पळताना वजन वाढलेले लोक त्यात अधिक होते. त्याच रेसमध्ये २८ वर्षांच्या एका रनरचा यामुळे मृत्यूही झाला. स्पोर्ट्स ड्रिंक घेतलं म्हणून हा धोका टळत नाही, कारण त्यातही बहुतेक पाणीच असतं.

उपाय सोपा आहे. तहान लागेल तेवढंच प्या. रविवारी पळण्याआधी आणि नंतर वजन करा. थोडं घटलं तर ठीक. वाढलं, तर पुढच्या वेळी पाणी कमी. आणि रेसमध्ये कुणाला मळमळ होऊन तो असंबद्ध बोलायला लागला, तर त्याच्या हातात आणखी एक बाटली देऊ नका, थेट मेडिकल टेंटमध्ये न्या.