सर्वस्वपण (पोकर)

सर्वस्वपण (पोकर) : पोकर या पत्त्यांच्या खेळात आपल्याजवळील सर्व चिप, म्हणजे पणाच्या चकत्या, एकाच वेळी डावात लावण्याची कृती. खेळाडूंमध्ये ती ‘ऑल-इन’ या नावाने रूढ आहे. लास व्हेगास येथे १९७० मध्ये सुरू झालेल्या जागतिक पोकर मालिकेमुळे या खेळाच्या स्पर्धांना प्रसिद्धी मिळाली. भारतात पणजी येथे मांडवी नदीतील जहाजांवरील कॅसिनोंत अशा स्पर्धा होतात.

स्पर्धेत प्रवेशशुल्क भरणाऱ्यास ठराविक चकत्या मिळतात. त्या मध्येच रोख पैशांत बदलता येत नाहीत. त्या संपल्या की खेळाडू बाद होतो व बक्षिसे अखेरच्या क्रमांकांनुसार मिळतात. प्रत्येक डावात दोन खेळाडूंना पत्ते पाहण्यापूर्वीच अनुक्रमे छोटा व मोठा सक्तीचा पण लावावा लागतो आणि या पणांची रक्कम ठराविक वेळाने वाढत जाते. त्यामुळे केवळ उत्तम पत्त्यांची वाट पाहणाऱ्याचा साठा आपोआप झिजतो. साठ्याला एका फेरीतील सक्तीच्या पणांच्या बेरजेने भागून येणाऱ्या गुणोत्तरास पॉल मॅग्रिएल यांच्या आडनावावरून ‘एम’ म्हणतात. साठा मोठ्या सक्तीच्या पणाच्या सु. दहा पटींखाली आला, की लहान वाढ करून नंतर माघार घेणे परवडत नाही. सर्वस्वपण लावणे किंवा डाव सोडणे हे दोनच मार्ग व्यवहार्य उरतात.

सर्वस्वपणाचा लाभ दोन प्रकारे होतो : प्रतिस्पर्ध्यांनी डाव सोडल्यास पत्ते न दाखवताच मधली रक्कम मिळते आणि कोणी आव्हान स्वीकारले तरी जिंकण्याची संधी राहते. उदा., सक्तीचे पण ५०० व १,००० असून ८,००० चकत्या असलेल्या खेळाडूने सर्वस्वपण लावला. इतरांनी डाव सोडल्यास त्याला १,५०० मिळतात. मोठा पण लावलेल्या खेळाडूने आव्हान स्वीकारल्यास एकूण रक्कम १६,५०० होते. त्यात जिंकण्याची शक्यता ४०% धरल्यास सरासरी ६,६०० हाती येतात, म्हणजे १,४०० चा तोटा होतो. सर्वांनी डाव सोडण्याची शक्यता ६०% असेल, तर एकंदर सरासरी नफा ३४० होतो; ती ४०% असेल, तर २४० चा तोटा होतो. म्हणजे तेच पत्ते सावध प्रतिस्पर्ध्यांपुढे लाभदायक व आव्हान सहज स्वीकारणाऱ्यांपुढे हानिकारक ठरतात. आपल्यानंतर बोलणारे खेळाडू जितके कमी, तितका हा डाव सुरक्षित.

दुसऱ्याचा सर्वस्वपण स्वीकारणे हा वेगळा निर्णय आहे. तेथे प्रतिस्पर्ध्याला माघार घ्यायला लावण्याचा लाभ नसतो, म्हणून अधिक बलवान पत्ते लागतात. शिवाय चकत्या दुप्पट झाल्याने त्यांचे बक्षिसातील मूल्य दुप्पट होत नाही. समान साठ्याचे चार खेळाडू उरले असून पहिल्या तिघांस ५०, ३० व २० अशी बक्षिसे आहेत, असे मानू. प्रत्येकाच्या साठ्याचे अपेक्षित मूल्य २५ होते. दोघांनी सर्वस्व लावल्यास हरणारा रिकाम्या हाताने बाहेर पडतो. जिंकणाऱ्याचे मूल्य, क्रमांकांची संभाव्यता साठ्यांच्या प्रमाणात काढल्यास, सु. ३८.३ होते, ५० नव्हे. म्हणून सक्तीचे पण दुर्लक्षिल्यास, आव्हान स्वीकारण्यासाठी जिंकण्याची शक्यता ५०% नव्हे, तर सु. ६५% हवी. मध्यम जोडी जवळ असून प्रतिस्पर्ध्याकडे तिच्याहून मोठी दोन पाने असतील, तर जोडीची शक्यता सु. ५५% असते, इतर वेळी योग्य ठरणारे हे आव्हान येथे सोडणेच इष्ट. बक्षीस मिळण्याच्या या उंबरठ्यास ‘बबल’ म्हणतात. सर्वांत मोठा साठा असणारा खेळाडू इतरांच्या याच भीतीचा फायदा घेतो.

अशा गणिताने एका डावाचा निकाल ठरत नाही. योग्य निर्णयानंतरही खेळाडू बाद होऊ शकतो. महाभारताच्या सभापर्वातील युधिष्ठिराच्या पणाला मर्यादा नव्हती. स्पर्धेतील ‘सर्वस्व’ मात्र भरलेल्या प्रवेशशुल्कापुरतेच असते. पुन्हा शुल्क भरून प्रवेश घेण्याची मुभा असलेल्या स्पर्धांत ही मर्यादा खेळाडूला स्वतःच पाळावी लागते.

पोकर हा कौशल्याचा खेळ की जुगार, याविषयी भारतीय न्यायालयांत मतभेद आहेत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरविला. गोव्यातील कॅसिनोंना १९७६ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमातील १९९२ व नंतरच्या दुरुस्त्यांचा आधार आहे. महाराष्ट्रातील १९७६ चा कॅसिनो अधिनियम कधीच अंमलात आला नाही व २०२३ मध्ये तो रद्द झाला. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली.