आईला फिट येते? घाबरू नका, तयार राहा!

मुलांनो, हार्बर रेल्वेचं शेवटचं स्टेशन कोणतं? बरोबर, पनवेल! इथून मुंबईला सीएसएमटी गाठायचं तर सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणून कितीतरी बाबा भल्या सकाळी निघतात, ते रात्रीच परततात. दिवसभर घरी आई आणि तान्हं बाळ. आता समजा, या आईला अपस्मार आहे, म्हणजे अधूनमधून फिट येते. तिला बाळ सांभाळता येईल का?

हो, येईल! पण एकटीच्या जिवावर नाही. घरातल्या सगळ्यांनी थोडी हुशारी दाखवायला हवी.

आपल्या मेंदूतल्या पेशी विजेच्या अगदी सूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी बोलतात. या संदेशांचा एकदम गोंधळ उडाला, की फिट येते. कुणी खाली पडून हातपाय झटकतं, तर कुणी नुसतंच टक लावून बघत राहतं. ही भुताची बाधा नाही आणि शिवल्याने होणारा रोगही नाही, बरं का! जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य औषधं नियमित घेतली, तर १० पैकी ७ जणांच्या फिट थांबू शकतात.

मग बाळाचं काय? दुपटं पलंगावर नको, जमिनीवर सतरंजी टाकून बदलावं. दूध पाजताना आईने खालीच, भिंतीला टेकून बसावं. आपल्याकडे पाय लांब करून, पायांवर बाळाला घेऊन न्हाऊ घालतात ना? बैठक छान आहे. पण सोबत दुसरं मोठं माणूस हवंच. आणि कढत पाण्याची बादली लांब! मोरीच्या दाराला आतून कडी लावू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे झोप. जागरणाने फिट येऊ शकते आणि तान्हं बाळ तर रात्रभर जागवतं! म्हणून रात्रीची एखादी पाळी बाबांनी किंवा आजीने घ्यावी. औषध मात्र मनाने बंद करायचं नाही. बाळ होण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण काही औषधं पोटातल्या बाळाला चालत नाहीत.

आणि तुम्ही, ताई-दादा? आईला फिट आली तर आधी बाळाला सुरक्षित जागी ठेवा. जवळच्या टणक वस्तू सरकवा, आईच्या डोक्याखाली मऊ काहीतरी द्या. घड्याळ बघा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, पाणी घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. झटके थांबले की तिला कुशीवर वळवा. ५ मिनिटांत फिट थांबली नाही, तर १०८ नंबर फिरवा आणि शेजारच्या काकूंना हाक मारा.

पण काकूंना आधी माहीत हवं ना? इथेच घोडं अडतं! लोक लाजेपोटी लपवतात. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातसुद्धा अपस्मार लग्नाच्या आड येत होता. त्या वर्षी तो शब्द कायद्यातून काढून टाकला. पुण्याच्या यशोदा वाकणकर यांनी स्वतः अपस्मार अनुभवला आणि ‘संवेदना फाउंडेशन’मधून अशा लोकांसाठी आधारगट उभा केला.

कायदा बदलला. आता आपण बदलू या. आजच आईबाबांना विचारा, शेजारी कुणाला सांगून ठेवायचं? एक नाव नक्की करा आणि फोन नंबर भिंतीवर, तुमचा हात पोचेल अशा उंचीवर लावा!