माप सगळ्यांचं हवं

मैत्रिणींनो, आपल्याकडे ज्वारी पायलीनं मोजणाऱ्या आजीबाई अजूनही भेटतात. पण पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असं नसे. 1956 साली देशभर एकच माप लावणारा कायदा झाला आणि हळूहळू जिंतूरचा किलो नि गंगाखेडचा किलो एक झाला. किलोचा मालक कुणी एक दुकानदार नाही, म्हणून तर त्यावर सगळ्यांचा भरवसा. कॉम्प्युटरच्या जगातही अशी सगळ्यांची मापं असतात. त्यांना ‘खुली मानकं’ म्हणतात. त्यातल्याच एकाची ही गोष्ट.

बचत गटाची यादी आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो. पाच जणींकडे गेली की एका यादीच्या पाच याद्या होतात. एकीनं हप्ता लिहिला, दुसरीनं नाव खोडलं, मग खरी यादी कुठली? मोठ्या कार्यालयांत, विद्यापीठांत, संशोधन संस्थांत हा घोळ परवडत नाही. तिथे फाइल एकाच ठिकाणी ठेवतात आणि सगळे आपापल्या कॉम्प्युटरवरून तीच फाइल उघडतात. एकत्र कुटुंबातल्या कोठीघरासारखं म्हणा ना, धान्य एका जागी आणि हात घालणाऱ्या सुना चार!

ही सोय करणारी एक पद्धत ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ या अमेरिकन कंपनीनं 1984-85च्या सुमारास काढली. कंपनीच्या चार संस्थापकांपैकी एक, विनोद खोसला, यांचा जन्म पुण्याचा. पद्धतीचं नाव ‘नेटवर्क फाइल सिस्टिम’, थोडक्यात एनएफएस. कंपनीनं तिचे नियम लपवले नाहीत, छापून सगळ्यांना दिले. म्हणून दुसऱ्या कंपन्यांची यंत्रंही एकमेकांशी बोलू लागली. तरी नियम बदलण्याचा अधिकार मात्र सनच्याच हाती होता.

1998 साली सननं करार करून तो अधिकारही सोडला. पुढची आवृत्ती करण्याचं काम इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या ‘आयईटीएफ’ या मंडळीकडे गेलं. या मंडळीची रीत मला फार आवडली. तिथे सभासदत्वाची वर्गणी नाही. कुणीही ई-मेलवर चर्चेत भाग घ्यावा, आपलं म्हणणं मांडावं. मतदान नाही. बहुतेकांना पटलं का ते पाहायचं, कधी तर सभेत सगळ्यांना हुंकार भरायला लावून! शिवाय नियम कागदावर चांगला दिसून भागत नाही, तो यंत्रावर चालवून दाखवावा लागतो. एरवी बाजारात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर आपापली यंत्रं एकमेकांना जोडून चुका शोधतात. आपल्या गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर हिशेब वाचतो, तसंच हे.

चौथी आवृत्ती डिसेंबर 2000 मध्ये आली, 2003 मध्ये ती सुधारली. एकाच वेळी दोघांनी एका पानावर लिहू नये म्हणून कुलूप लावण्याची सोय आता मूळ नियमातच आली. पूर्वी ‘मी घरातलाच’ असं कॉम्प्युटरनं सांगितलं की बहुधा दार उघडायचं. आता खरी ओळख पटवण्याची पक्की व्यवस्था नियमात घातली गेली. आणि आपल्या दृष्टीनं मोठी गोष्ट म्हणजे फाइलींची नावं जगातल्या सगळ्या लिप्यांत लिहिता यावीत, असं ठरलं. त्यासाठी युनिकोडचा आधार घेतला.

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, आणि ती मांडणी भारतात तयार झालेल्या ‘इस्की’ या मानकावरून घेतलेली आहे. आपल्या मराठीतला ‘ॲ’ त्यात 2008 साली आला. म्हणजे आपल्या लोकांनी आधी घरचं माप नीट केलं, म्हणून जगाच्या मापात आपल्याला जागा मिळाली.

याचं मोल मला आमच्या भागातल्या गटांत कळलं. एका गटाचे काही वर्षांचे हिशेब एका टायपिंग सेंटरवर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले होते. तो फॉन्ट ज्याचा, त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये ती अक्षरं दिसायची. पुढे कॉम्प्युटर बदलला. फाइल उघडते, पण समोर नुसती चिन्हांची रांगोळी! कर्जासाठी जुना हिशेब हवा होता. शेवटी दोघी जणींनी कागदी पावत्या जुळवून आठ दिवसांत सगळं नव्यानं लिहून काढलं. ज्या बायकांनी पै-पै भरली, त्यांची नावं त्यांच्याच फाइलीत वाचता येईनात, याला काय म्हणावं?

आणि तिकडे पाहा. 2010 मध्ये सन कंपनी ओरॅकलनं विकत घेतली, सन हे नाव मागे पडलं. पण एनएफएस थांबलं नाही. त्याच वर्षी त्याची पुढची आवृत्ती आली, 2016 मध्ये आणखी एक. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगातल्या इंजिनिअरांनी याच नियमांवर सॉफ्टवेअर तयार केलं आणि त्याला नाव दिलं ‘गणेशा’. नियम खुला होता म्हणून कुणाकडे परवानगी मागत बसावं लागलं नाही. एकाच मालकाच्या मापाचं आयुष्य मालकाइतकंच. सगळ्यांचं माप मालकामागेही टिकतं.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाचं, शाळेचं, महिला मंडळाचं काही टाइप करून घेताना एवढं जरूर विचारा, ‘हे युनिकोडमध्ये आहे ना? दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडेल ना?’ आणि तिथल्या तिथे दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा स्वतःच्या मोबाइलवर उघडून बघा. आपण दुकानात वजन करताना काट्याकडे बघतोच की!