साल्वादोरची लासेर्दा लिफ्ट

ब्राझीलमधलं साल्वादोर दोन पातळ्यांवर वसलेलं शहर आहे. खाली बंदर, गोदामं, बाजार. वर कड्याच्या माथ्यावर चर्चेस, कचेऱ्या आणि श्रीमंतांचे वाडे. 1549 मध्ये पोर्तुगिजांनी इथे राजधानी वसवताना शत्रूपासून बचावासाठी उंच जागा निवडली. रोजची चढण मात्र दुसऱ्यांच्या वाट्याला आली. पिंपं, खोकी, मेण्यात बसलेली माणसंसुद्धा आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम आणि त्यांच्यातले मुक्त झालेले हमाल खांद्यावरून वर नेत. 1857 मध्ये सरकारने त्यांच्यावर नोंदणी आणि गळ्यात धातूचा बिल्ला घालण्याची सक्ती केली, तेव्हा त्यांनी संप केला आणि शहराची मालवाहतूक कित्येक दिवस अडली. लासेर्दा लिफ्टची गोष्ट माझ्या मते इथून सांगायला हवी.

अंतोनियो द लासेर्दा यांची ही लिफ्ट 8 डिसेंबर 1873 रोजी, पायथ्याच्या कॉन्सेसाव चर्चच्या सणाच्या दिवशी, सुरू झाली. ती पाण्याच्या दाबावर चाले. लोक तिला ‘पाराफुझो’, म्हणजे स्क्रू, म्हणत. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली 1888 मध्ये. म्हणजे यंत्र धावू लागल्यावरही पंधरा वर्षं याच शहरात माणसं मालकीची होती. यंत्राचं कौतुक करताना हे विसरता येत नाही.

1906 मध्ये लिफ्टला वीज मिळाली. चित्रांतून ओळखीचा झालेला आर्ट डेको मनोरा 1930 चा. उंची 72 मीटर. बंद पेटीतून अर्ध्या मिनिटात माणूस वर पोचतो, त्यामुळे प्रवासात काहीच दिसत नाही. वरच्या चौकाच्या कठड्याशी आलं की उपसागर एकदम समोर पसरतो: पाण्यातला गोल साओ मार्सेलो किल्ला, पलीकडे इतापारिका बेट, पायाशी जुन्या जकात कचेरीतला मेरकादो मोदेलो हा बाजार. गोव्याहून लिस्बनला परतणारी कितीतरी जहाजं याच उपसागरात थांबत. मराठी माणसाने इथे जरा जास्त वेळ उभं राहावं.

पर्यटक फोटो काढत असतात तेव्हा शेजारून कामावर निघालेले लोक, पिशव्या सांभाळणाऱ्या बायका, शाळकरी मुलं भराभर पुढे जातात. वर्षानुवर्षं तिकीट अवघं 15 सेंतावो होतं. 2006 मध्ये लिफ्टला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. माझ्या लेखी तिचा खरा मान त्या स्वस्त तिकिटात आहे, कारण त्यामुळे ही चढण बंदरात राबणाऱ्यांनाही परवडली.